ठराव क्रमांक सात

सकाळी आठपासून मी नावांखाली पट्टी सरकवते आहे.
पट्टी तिसरीच्या वर्गातली. मागे कुणीतरी
कंपासच्या टोकानं कोरलंय: चोरू नका.
यादीत चारशे बारा माणसं. नऊ वारलेली.
गावात सगळ्यांना ठाऊक आहे,
कागदाला अजून कुणी कळवलेलं नाही.

मार्च महिना. मेनमधला चिखल, घोट्यापर्यंत.
शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली
आम्ही वर्षातून एकदा गाव होतो,
पोरांच्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीशी घेऊन.

ठराव सात: नवा बॉयलर. संगीताच्या बाई.
दुसरी आणि तिसरी एका खोलीत कोंबायला नको
म्हणून एक शिक्षक.
घराच्या किमतीवर, हजाराला एक डॉलर दहा सेंट.
ऐकायला कॉफीच्या कपाएवढं.
कप केवढा, ते बिल आल्यावर कळतं.

डेल्फीन सीर उभी राहिली.
“तळ्याकाठची तीन घरं बोस्टनवाल्यांनी घेतली.
त्यांनी मोजलेला भाव माझ्या घराला चिकटला.
घर तेच. छपराचं भोक तेच.
एक खिळा न ठोकता मी श्रीमंत झाले.
आता ही श्रीमंती भरू कुठून?”
लोक हसले. ती हसली नाही.

ॲन्सेल ब्रूस्टर कधी बोलत नाही. आज बोलला.
“माझी मुलगी घरात कुणाशी बोलत नाही.
क्लॅरिनेट वाजवते.”
आणखी काही सांगायचं होतं बहुतेक,
पण तो खाली बसला. खुर्ची करकरली.

मागून आवाज: आमची पोरं शिकली, गेली,
आता दुसऱ्यांच्या पोरांचं आम्ही का?
त्याच्याही मागून: तुझ्या पोरांचं कुणी केलं रे?
मग हातोडी.

मतपेटी मेपलच्या लाकडाची.
अठ्ठावन्न सालच्या सुतारकामाच्या वर्गानं केलेली.
सुतारकामाचा वर्ग पुढे ह्याच पेटीत बंद झाला,
रीतसर, मोजून, एकोणतीस मतांनी.
तळाशी सात पोरांची नावं आहेत.
शेवटचं: वेंडेल हॅस्किन्स.

वेंडेल रांगेत आला तो मोज्यांवर,
गमबूट दाराशी काढून ठेवलेले.
त्याची पेन्शन मला माहीत आहे,
त्याचं बिल मीच टाइप करते.
ते दोन आकडेही एका खोलीत मावत नाहीत.
पडद्याआड त्याला फार वेळ लागला.
चिठ्ठी टाकली, तरी हलेना.
पेटीच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत म्हणाला,
“हा सांधा सरांनी माझ्याकडून तीनदा करून घेतला.
तिसऱ्यांदा रडलो होतो मी.”
मागे रांग तुंबली होती.
मी म्हटलं, पुढे व्हा.
तेवढं बोलायला नको होतं.

हो: एकशे ब्याऐंशी.
नाही: एकशे शहाऐंशी.
पुन्हा मोजलं. तेच.
आणि एक चिठ्ठी, दोन्ही चौकटींत खूण,
दोन्ही खोडलेल्या, खाली पेन्सिलीनं: माफ करा.
घडी अशी काटकोनात घातलेली
की उलगडताना बोटाला कड लागली.
मी ती बाद केली. नियम तसा आहे.
कुणाची, ते कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

जूनमध्ये पुन्हा येईल, म्हणतात, आकडा कमी करून.
बॉयलर ठेवतील. बाई ठेवतील की नाही, बघायचं.
खुर्च्या मात्र सगळ्यांनी मिळून उचलल्या.
डेल्फीननं चार-चारच्या चळती लावल्या,
ॲन्सेल त्या भिंतीकडे ढकलत गेला.
त्याची मुलगी दारात उभी होती, कोट घालून,
बोटं खिशात, खिशातल्या खिशात हलणारी.

सगळे गेल्यावर मी पेटीचं झाकण लावलं.
इतक्या वर्षांत ते एकदाही अडकलेलं नाही.
भिंतीमागे बॉयलरनं तीन ठोके दिले
आणि मी, हाताच्या सवयीनं,
यादीच्या कडेला तीन रेघा ओढल्या.